परसबागेची आखणी सप्टेंबरपासून मागे मोजा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस आहे. मागे पूर्व-पश्चिम २० फूट आणि दक्षिणोत्तर १२ फूट मोकळी जागा. तिच्या उत्तरेला घर, दक्षिणेला ५ फुटी कंपाउंडची भिंत. दोन वर्षं जूनमध्ये मिळेल ते बी टाकलं. ऑगस्टपर्यंत रान माजलं, दिवाळीत मेथी-कोबीला जागाच उरली नाही, आणि भिंतीकडेला जे लावलं ते खुरटलं. आता एप्रिलात जागा रिकामी पडली आहे. पाऊस येईपर्यंतच्या दोन महिन्यांत काय करून ठेवावं?

आधी काय करू नये ते सांगतो. आत्ता पेरू नका. उन्हाळी भाजीचं बी जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत पडतं. गवार, भेंडी, काकडी तेव्हा लागली की कडक ऊन येईपर्यंत मुळं खोल गेलेली असतात. एप्रिलाच्या मध्यावर टाकलेलं बी उगवतं, पण कोवळ्या रोपाला लगेच चाळिशीचं ऊन लागतं आणि नळाचं पाणी त्यालाच घालण्यात उन्हाळा संपतो. घरात हिरवं हवंच असेल तर धुण्याच्या मोरीजवळ ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट बांधून खाली तांदुळजा, माठ आणि पुदिना लावा. तेवढं पुरे.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. आपल्याकडे जो तो मृगाची वाट पाहतो आणि पहिल्या पावसाला सगळी जागा भरून टाकतो. पण नाशिकची घरची भाजी म्हणजे मुख्यतः थंडीची भाजी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात दिवसाचं ऊन मवाळ असतं, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली येतो, निफाडकडे तर आणखी उतरतो. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, टोमॅटो या सगळ्यांना हेच दिवस मानवतात. पावसाळ्यात ढगाळ आठवडे, करपा-केवड्यासारखे पानांचे रोग आणि गोगलगायी असतात. वेल आणि भेंडी सोडली तर मेहनतीच्या मानानं हातात थोडंच पडतं. म्हणून आखणी सप्टेंबरच्या अखेरीपासून मागे मोजत करायची. त्या दिवशी कोणते वाफे रिकामे, भुसभुशीत आणि उन्हात असायला हवेत, हे आज ठरवायचं. जूनमध्ये काय पेरायचं, हे त्यातून आपोआप ठरतं.

यात सगळ्यात मोठी फसगत सावलीची होते, आणि तुमच्या भिंतीकडेची भाजी का खुरटली त्याचं उत्तरही तिथेच आहे. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावली पायाशीच पडते. तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे आत्ता किंवा मेमध्ये अंगणात उभं राहून ‘सगळीकडे झक्क ऊन आहे’ असं म्हणाल, तर ते जूनच्या भेंडीपुरतं खरं. डिसेंबरात हाच सूर्य दुपारी बाराला क्षितिजापासून जेमतेम साडेशेहेचाळीस अंश वर असतो, त्यामुळे कुठल्याही वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढीच उत्तरेला पडते. तुमची भिंत ५ फूट, तर दुपारची सावली ५ फूट. सकाळी नऊ आणि दुपारी तीनला ती उत्तरेकडे सहा फुटांपर्यंत सरकते. १२ फुटांतली निम्मी पट्टी ऐन हंगामात सावलीत जाते, आणि तुम्ही कोबी नेमका तिथे लावला होतात. पलीकडे शेजाऱ्यांचं दोन मजली घर असेल तर हिशेब आणखी बिघडतो. त्याची उंची अंदाजे मोजून तीच फुटं जमिनीवर उत्तरेकडे टाका, म्हणजे डिसेंबराची सावली कळेल.

यावरून जागेचे दोन भाग आपोआप पडतात. घराच्या भिंतीलगत दीड फूट वाट सोडा. ती चालायला लागतेच, शिवाय पाणी घराच्या पायात मुरत नाही. वाटेच्या पुढे ४ फूट रुंदीची पट्टी, तिचे ६-६ फूट लांबीचे तीन वाफे. ही तुमची थंडीची जागा. तिच्या पुढे मधली वाट दीड फूट, आणि मग दक्षिण भिंतीपर्यंतचे ५ फूट पावसाळ्याचे. त्यात भिंतीला लागून फूटभर वेलांसाठी, पुढे पाय ठेवायला फरशीचे तुकडे, आणि वाटेकडे ३ फुटांचा वाफा. चार फुटांपेक्षा रुंद वाफा करू नका; हात मध्यापर्यंत पोचत नाही, मग माणूस वाफ्यात उतरतो आणि काळी माती पायाखाली थापली जाते. वाफे ६ ते ८ इंच उंच हवेत, म्हणजे गादीवाफे. जुलै-ऑगस्टात आणि परतीच्या पावसात पाणी साचलं की मुळं गुदमरतात.

पावसाळ्याच्या भागाला जून ते सप्टेंबर ऊन पुरेसं मिळतं, कारण सूर्य डोक्यावर असतो. तिथे भिंतीवर दोडका आणि कारलं चढवा, पुढच्या वाफ्यात भेंडी, गवार आणि दोन-तीन वांगी. दसऱ्याच्या सुमाराला वेल उतरवून टाका. सुकलेले वेल तारेवर तसेच लोंबत राहिले तर ५ फुटांची भिंत ७ फुटांची होते आणि थंडीच्या वाफ्यांवर सावली चढते. थंडीत त्या सावलीच्या पट्टीत अळू आणि पुदिना खुशाल ठेवा. झेंडूची रोपं जुलैत वाफ्याच्या कडेनं लावलीत तर दसऱ्याचं तोरण घरचं होईल.

थंडीच्या तीन वाफ्यांत जूनमध्ये भाजी पेरायची नाही, हे ऐकायला जड जातं. हिरव्या बागेत मधोमध भाजीविना वाफे ठेवायचे म्हटलं की घरचे कुरकुर करतात. पण ते रिकामे नसतात. मृगाचा पाऊस नीट झाला की त्यात हिरवळीच्या खतासाठी तागाचं बी फेका. तीन वाफे मिळून ७२ चौरस फूट होतात, त्याला ४०-५० ग्रॅम बी पुरतं. साधारण ४५ दिवसांनी, फुलं धरायच्या बेताला, ताग विळ्यानं कापून तुकडे करा आणि वरच्या ४-५ इंचांत मिसळून टाका. ऑगस्टभर तो कुजेल. ताग शेंगवर्गीय असल्यानं नत्र देतो, आणि टोमॅटोच्या मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना तो मानवत नाही. फुलं येऊन दांडे जून झाले तर मात्र ते लवकर कुजत नाहीत, तेव्हा तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

ही झाली कागदावरची आखणी. आता हाताचं काम.

पहिलं काम, माती बघा. रो-हाऊसच्या मागच्या जागेत वर चार बोटं काळी माती आणि खाली मुरूम, विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट असं हमखास निघतं. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी तीन-चार तासांत उतरलं तर निचरा चांगला. दुसऱ्या दिवशीही डबकं दिसलं तर खाली थापलेला थर आहे. तो पहारीनं फोडल्याशिवाय वर कितीही खत घातलं तरी उपयोग नाही. हे कष्टाचं काम एप्रिलातच उरका, सकाळी आठच्या आत.

माती तपासून घ्यायलाही हेच दिवस चांगले, कारण पीक नाही आणि खत घातलेलं नाही. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन कडेची माती काढा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, शेवटी अर्धा किलो उरली की सावलीत वाळवा. नमुना कुठे द्यायचा ते गोवर्धनला मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. अहवालात सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे आधी बघा. आपली काळी माती बहुधा साडेसात ते साडेआठ सामूची, चुनखडीची असते. म्हणून कोकणातल्या आंबट जांभ्या मातीसाठी सांगितलेला चुना आपल्याकडे अजिबात टाकायचा नाही. चुलीची राख आणि अंड्याची टरफलंही बेतानंच. चुनखडी जास्त असली की लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, आणि लोक त्यावर युरिया मारत बसतात.

दुसरं काम ऊन वापरून घेण्याचं. थंडीचे तीन वाफे खणून, ढेकळं फोडून सपाट करा, भरपूर पाणी द्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद मातीला चिकटेल असा ताणून कडा मातीत पुरा. पारदर्शकच हवा. काळा कागद स्वतः तापतो, माती तेवढी तापत नाही. एप्रिलाच्या अखेरीपासून पाच-सहा आठवडे तो हलवायचा नाही. वरच्या चार-सहा इंचांत माती पन्नाशीच्या आसपास तापते. बरंचसं तणांचं बी, मर रोगाची बुरशी आणि सूत्रकृमी त्यात कमी होतात. कागद फाटला तर लगेच चिकटपट्टी लावा, वाफ निसटली की गंमत संपली. लव्हाळा आणि हराळी मात्र यानं मरत नाहीत. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, त्या आत्ताच खणून हातानं वेचायच्या, दुसरा मार्ग नाही. कागद काढल्यावर खोल खणू नका, नाहीतर खालचं तणाचं बी पुन्हा वर येतं. ताग वरच्या ४-५ इंचांतच मिसळायला सांगितलं ते याचसाठी. तापलेल्या मातीत चांगल्या जिवाणूंचाही काही भाग जातो, म्हणून कागद काढल्यावर मुरलेल्या खतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, मिसळून पसरा.

खताचं गणित सोपं आहे. भाजीपाल्याला हेक्टरी २० ते २५ टन शेणखत सांगतात, ते १०० चौरस फुटांना साधारण २० ते २५ किलो होतं. घरची माती कमकुवत असेल तर दुप्पट घाला, बिघडत नाही. शेणखत घेताना मूठभर हातात घेऊन बघा. शेणाचा वास येत असेल, गोवऱ्यांचे तुकडे दिसत असतील तर ते कच्चं आहे, आणि त्यातून मुळं खाणारी पांढरी जाड हुमणी अळी घरात येते. तिचे भुंगेरे मेअखेरच्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तुमच्या गल्लीत कडुनिंब असेल तर तेव्हा फांद्या हलवून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात पाडा.

कंपोस्ट मात्र आजच सुरू करा. फेब्रुवारीपासून गळालेला वडाचा, कडुनिंबाचा, शिरिषाचा पाला अजून रस्त्याकडेला पोत्यांनी मिळतो, लोक तो जाळतात. पाल्याचे तीन भाग आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा एक भाग, मधूनमधून मूठभर जुनं शेणखत. उन्हाळ्यात ढीग वाळला की कुजणं थांबतं, म्हणून गोणपाट भिजवून वर टाका आणि आठवड्यातून एकदा उलथा. पिळल्यावर बोटांना ओल लागेल, पाणी गळणार नाही, एवढाच ओलावा हवा. आत्ता लावलेला ढीग ऑगस्ट-सप्टेंबरात तयार होतो, म्हणजे नेमका थंडीच्या वाफ्यांना. जूनच्या भेंडीसाठी लागेल तेवढं खत विकत घ्या.

पाण्याबद्दल एकच हिशेब. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. मेमध्ये भाजीच्या वाफ्यातून रोज साधारण ७-८ मिलिमीटर उडून जातं. तीन वाफ्यांना रोज ५० लिटर. डिसेंबरात ते जवळजवळ निम्म्यावर येतं. तेवढ्याच पाण्यात थंडीत दुप्पट जागा निघते, हेही थंडीच्या बाजूनं एक कारण. घरी बोअरचं पाणी असेल आणि बादलीला पांढरे डाग पडत असतील तर मातीसोबत पाण्याचीही क्षारता तपासा.

बियांचा डबा माळ्यावर असेल तर आजच खाली आणा. स्लॅबखालच्या उष्णतेनं बी वरून धडधाकट दिसतं आणि उगवत मात्र नाही. प्रत्येक पुडीतले २० दाणे ओल्या कापडात गुंडाळून ठेवा. १४-१५ उगवले तर दाट पेरून चालेल, १० पेक्षा कमी उगवले तर ती पुडी फेका. कांद्याचं बी वर्षभरातच जातं, भेंडी आणि वेलवर्गीयांचं नीट ठेवलं तर दोन-तीन वर्षं टिकतं. नव्यानं घेताना घरासाठी सुधारित वाण बरे; पुढच्या वर्षी बी स्वतःचं धरता येतं. भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, कारण पानं पिवळी पाडणाऱ्या केवड्याला ते बऱ्यापैकी तोंड देतात. गवारीत पुसा नवबहार. काकडी लावायची झालीच तर राहुरी कृषी विद्यापीठाची हिमांगी, कारल्यात हिरकणी. मुळ्यात वाण ऋतूप्रमाणे बदलतो: उष्ण दिवसांत पुसा चेतकी, कडाक्याच्या थंडीत पुसा हिमानी. थंडीचा मुळा जूनमध्ये टाकला तर पाला खा आणि गप्प बसा.

काय लावायचं ते घरात काय शिजतं यावर ठरवा, पाकिटावरच्या चित्रावर नाही. माझं मत विचाराल तर कांदा-बटाटा घरी लावू नका. लासलगाव-पिंपळगाव शेजारी असताना २४ चौरस फुटांचा वाफा चार महिने कांद्याला देणं परवडत नाही. फ्लॉवरही जागा अडवतो आणि एकदाच देतो. कोथिंबीर, मेथी, पालक, मिरची यांना पहिली जागा. लसूण पातीसाठी कडेनं टोचा.

मिरचीची गोष्ट वेगळी. ती सहा-आठ महिने एकाच जागी उभी राहते, पावसाळ्यात आणि थंडीत दोन्हीकडे तिला ऊन हवं. म्हणून तिची चार झाडं थंडीच्या पट्टीच्या पूर्व टोकाच्या वाफ्यात, कोपऱ्यात लावा आणि तेवढ्या तुकड्यात ताग टाकू नका. बी मेच्या मध्यावर ट्रेमध्ये, शेडनेटखाली, वर ४०-५० मेशची बारीक जाळी घालून टाका. पांढरी माशी आणि फुलकिडे रोपावस्थेतच बसले तर पुढे पानं चुरडतात, ज्याला आपण बोकड्या म्हणतो, आणि मग कुठलंही औषध ते झाड सरळ करत नाही. रोप तयार व्हायला ३५ ते ४५ दिवस लागतात, म्हणजे जूनअखेर लागवड. वांग्याचंही तसंच.

टोमॅटो शेतकरी जून-जुलैत लावतात, गिरणाऱ्याचा बाजार त्यावरच भरतो. पण त्यांच्यामागे फवारणीचं वेळापत्रक असतं. घरी टोमॅटोचं बी गणपतीच्या सुमाराला टाका, रोपं २५-३० दिवसांत होतात. हस्ताचा पाऊस ओसरता-ओसरता लावा, करपा कमी येतो. कोबीचं बीही त्याच दिवसांत. मेथी-कोथिंबीर सप्टेंबरच्या मध्यापासून, पण एकदम सगळा वाफा भरू नका. दर पंधरा दिवसांनी वाफ्याचा चौथा भाग पेरा, नाहीतर एका आठवड्यात शेजारीपाजारी वाटत फिराल आणि पुढचे तीन आठवडे मंडईत जाल. गाजर आणि वाटाणा ऑक्टोबरात. टोमॅटो, मिरची, वांगी एकाच कुळातली, त्यामुळे पुढच्या वर्षी त्या वाफ्यात शेंगवर्गीय किंवा पालेभाजी. यंदाचा नकाशा काढून त्यावर साल लिहून ठेवलंत की एवढ्यासाठी आठवणीवर विसंबावं लागत नाही.

एक वेल असा आहे की तो या आखणीत नीट बसत नाही: वाल-पावटा. जूनमध्ये लावला तरी दिवस लहान होईपर्यंत बहुतेक गावठी वाण फुलावर येत नाहीत. शेंगा थंडीत, म्हणजे दसऱ्याला तो उतरवता येणार नाही. त्याला दक्षिण भिंत देऊ नका. पूर्व किंवा पश्चिम बाजूला कुंपण असेल तर तिथे एक आळं करा. तिथली सावली सकाळी किंवा संध्याकाळीच वाफ्यांवर येते. आळी आत्ता अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला खणून शेणखत आणि पाला भरून ठेवता येतील, बी मात्र मृगातच.

मातीच्या अहवालात सामू साडेआठच्या वर आणि क्षारताही जास्त आली तर ताग-कंपोस्टाचं काम थांबवू नका, पण जिप्सम किती टाकायचा ते प्रयोगशाळेच्या शिफारशीनंच ठरवा, दुकानदाराच्या नाही. आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं घर किती उंच आहे ते कळवा. ते २० फुटांच्या वर असेल तर तीन वाफ्यांपैकी किती खरोखर उन्हात राहतील ते पुन्हा मोजावं लागेल, आणि तसं निघालं तर टोमॅटो गच्चीवर कुंड्यांत न्यावा लागेल.